नवा टीव्ही घेताय? ब्रँड असा पारखा

‘सोनी घ्यावा, सॅमसंग घ्यावा, की निम्म्या किमतीत मिळणारा नवा ब्रँड चालेल?’ दसरा-दिवाळी तोंडावर आली की वाचकांकडून हा प्रश्न हमखास येतो. मागोमाग आणखी दोन येतात. फोर-के घ्यायलाच हवा का? आणि तीन दुकानांत तीन वेगळी नावं सांगतात, तेव्हा ऐकायचं कोणाचं?

एका ब्रँडचं नाव सांगून हे प्रश्न सुटत नाहीत. एकाच कंपनीच्या वीस हजारांच्या आणि साठ हजारांच्या टीव्हीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. सारख्या किमतीच्या दोन कंपन्यांच्या टीव्हीत मात्र तो बहुधा उन्नीस-बीसचाच असतो. म्हणून चित्राची तुलना मॉडेलशी मॉडेल लावून करा, आणि ब्रँड पारखा तो विक्रीनंतरच्या सेवेवर. तुमच्या गावात ज्याचा माणूस येत नाही तो ब्रँड तुमच्यासाठी चांगला नाही, मग त्याचं नाव कितीही मोठं असो.

आधी घर मोजा

दुकानात जाण्यापूर्वी टेप घ्या आणि टीव्ही जिथे लागणार ती भिंत ते बसणाऱ्याचे डोळे एवढं अंतर मोजा. हॉल दहा फुटांचा असला तरी सोफ्याची जागा वजा जाता हे अंतर सात-साडेसात फूटच भरतं. पडद्याच्या इंचांना १.६ ने गुणलं की सुखानं बघण्याचं अंतर इंचांत मिळतं. त्या हिशेबानं:

- ३२ इंची टीव्हीला सव्वाचार फूट
- ४३ इंचीला पावणेसहा फूट
- ५५ इंचीला सव्वासात ते साडेसात फूट
- ६५ इंचीला साडेआठ ते पावणेनऊ फूट

अंतर याहून थोडं जास्त असलं तर बिघडत नाही. फार कमी असलं तर डोळे आणि मान दोन्ही शिणतात. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. इंचांचं माप हे कर्णाचं, म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंतचं असतं. ५५ इंची टीव्हीची रुंदी जवळजवळ चार फूट भरते, ४३ इंचीची तीन फुटांहून थोडी जास्त. शोकेसच्या खणात टीव्ही बसवायचा असेल तर खणाची रुंदी, उंची आणि खोली तिन्ही लिहून घ्या. टीव्ही स्टँडवर ठेवणार असाल तर त्याचे दोन पाय किती अंतरावर आहेत तेही विचारा. बऱ्याच मॉडेलांचे पाय अगदी टोकांना असतात आणि अरुंद टेबलावर ते बसतच नाहीत.

एचडी, फुल एचडी की फोर-के?

‘एचडी रेडी’ पडद्यावर आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके असतात. ‘फुल एचडी’त १९२० बाय १०८०, ‘फोर-के’त ३८४० बाय २१६०. ठिपके जास्त म्हणजे चित्र चांगलं, हे खरं, पण ते ठिपके तुमच्या डोळ्यांना वेगळे दिसले तर! सहा फुटांवरून ३२ इंची टीव्ही बघणाऱ्याला एचडी रेडी आणि फुल एचडी यांतला फरक जेमतेम जाणवतो. त्याच अंतरावरून ४३ इंचीवर फुल एचडी आणि फोर-के यांचं तसंच.

मग ४३ इंचीत फोर-के घेऊ नये का? घ्या, पण कारण वेगळं आहे. त्या मापात आणि त्यापुढे आता बहुतेक कंपन्या आपली चांगली मॉडेलं फोर-केमध्येच काढतात. फुल एचडीत बहुतेक वेळा कमी मेमरी आणि साधा प्रोसेसर असलेला हलका माल उरतो. ३२ इंचीत फोर-केच्या मागे लागू नका. एट-के तर कोणत्याच मापात नको, कारण त्यावर दाखवण्यासारखं काही तुमच्या घरात येतच नाही.

ठिपक्यांपेक्षा महत्त्वाचा प्रश्न असा की तुम्ही बघता काय. घरात संध्याकाळी मालिका आणि बातम्या सेट टॉप बॉक्सवर चालत असतील आणि वाहिन्यांचं पॅकेज साधं असेल, तर बॉक्समधून येणारं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं. फोर-के पडद्यावर त्याच्या बरोबर वीसपट ठिपके आहेत. म्हणजे वीसातले एकोणीस ठिपके टीव्हीनं स्वतः अंदाजानं भरायचे. हे काम टीव्हीतला प्रोसेसर करतो. तो सुमार असेल तर निवेदकाचा चेहरा मेणाचा दिसतो आणि खालून धावणारी बातम्यांची पट्टी फाटल्यासारखी होते. सोनीसारख्या जुन्या कंपन्या जास्त पैसे घेतात, त्यातला बराच भाग या कामासाठी असतो. सेट टॉप बॉक्स हाच तुमचा मुख्य आधार असेल, तर हे पैसे वाया जात नाहीत. पण घरात सगळं इंटरनेटवरूनच बघितलं जात असेल आणि ते मुळातच स्वच्छ येत असेल, तर त्या प्रोसेसरला फारसं काम उरत नाही. अशा घरानं एवढा भुर्दंड सोसायची गरज नाही.

नवा टीव्ही घेऊनही चित्र धूसर दिसतं, ही तक्रार फार ऐकू येते. अशा वेळी टीव्हीला दोष देण्याआधी मागची वायर बघा. बॉक्स अजून पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या जुन्या वायरीवर चालत असेल, तर त्या वायरीतून एचडी चित्र येऊच शकत नाही. एचडीएमआय केबल लावा. बॉक्स जुना असून त्याला एचडीएमआयची जागाच नसेल, तर केबलवाल्याकडून किंवा डीटीएच कंपनीकडून एचडी बॉक्स बदलून घ्या. झी मराठी, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी या वाहिन्यांच्या एचडी आवृत्त्या आहेत, पण त्या पॅकेजमध्ये वेगळ्या मागून घ्याव्या लागतात.

नावामागे कोण आहे?

‘आमच्या टीव्हीत आमचंच पॅनेल असतं,’ असं विक्रेता सांगेल. ते सहसा खरं नसतं. साध्या एलईडी टीव्हीचं पॅनेल एलसीडीचंच असतं. सॅमसंगच्या पॅनेल बनवणाऱ्या कंपनीनं २०२२ मध्ये एलसीडी पॅनेल काढणं थांबवलं. एलजीच्या पॅनेल कंपनीनं चीनमधल्या ग्वांगझूचा आपला मोठा एलसीडी कारखाना टीसीएलच्या गटाला विकला आणि २०२५ मध्ये तो व्यवहार पुरा झाला. सोनी तर आपल्या टीव्हीसाठी पॅनेल बाहेरूनच घेते. आज बहुतेक एलसीडी पॅनेलं चिनी कारखान्यांतून येतात आणि महाग-स्वस्त सगळ्याच ब्रँडांत जाऊन बसतात.

मग ब्रँडला पैसे कशाचे द्यायचे? पॅनेलच्या निवडीचे आणि तपासणीचे, प्रोसेसरचे, सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं ताजं ठेवण्याचे आणि बिघाड झाल्यावर दारात येणाऱ्या माणसाचे. या चार गोष्टी जिथे मिळतात तिथे जादा किंमत रास्त आहे.

बाजारातली नावं साधारण अशी लावून बघा:

- सोनी, सॅमसंग, एलजी, पॅनासोनिक: किंमत चढी, सेवेचं जाळं जुनं. एलजीचा कारखाना पुण्याजवळ रांजणगावला आहे.
- शाओमी, टीसीएल, हायसेन्स: त्याच किमतीत मोठा पडदा आणि जास्त सोयी. शहरांत सेवा मिळते, तालुक्याच्या गावात मात्र चौकशी केल्याशिवाय गृहीत धरू नका.
- परवान्यावर चालणारी जुनी नावं: कोडॅक, थॉमसन आणि ब्लाउपुंक्ट ही तिन्ही नावं भारतात नोएडाची सुपर प्लास्ट्रॉनिक्स ही एकच कंपनी चालवते. एसरचे टीव्ही बंगळुरूची इंडकल बनवते. तोशिबाचा टीव्ही व्यवसाय २०१८ पासून हायसेन्सकडे आहे, तर फिलिप्सचे टीव्ही टीपीव्ही ही कंपनी काढते.
- इथली नावं: मुंबईच्या मर्क इलेक्ट्रॉनिक्सचा ओनिडा, देविता सराफ यांनी उभा केलेला व्हीयू.

परवान्याचा ब्रँड म्हणजे वाईट माल, असा अर्थ मुळीच काढू नका. त्यांची काही मॉडेलं किमतीच्या मानानं उत्तम असतात. पण नाव ओळखीचं आहे म्हणून विश्वास टाकू नका. वडिलांच्या काळी घरात होता तो कोडॅकचा कॅमेरा आणि आजचा कोडॅक टीव्ही यांचा नावापलीकडे संबंध नाही. खोक्यावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव, पत्ता आणि ग्राहक सेवेचा क्रमांक छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. ते वाचा. उद्या भांडायची वेळ आली तर गाठ त्याच नावाशी पडणार आहे.

परवाने संपतात आणि कंपन्या बाजार सोडून जातात, हेही ध्यानात असू द्या. वनप्लसनं काही वर्षं भारतात टीव्ही विकले आणि मग हा धंदा आवरता घेतला. औरंगाबादेत वाढलेली व्हिडिओकॉन एकेकाळी महाराष्ट्राच्या घराघरांत होती, ती २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कंपनी गेली की सुट्या भागांसाठी वणवण सुरू होते. टीव्ही सात-आठ वर्षं चालावा अशी तुमची अपेक्षा असेल, तर कंपनी तेवढी वर्षं टिकेल का, हाही ब्रँड पारखण्याचाच भाग आहे.

सेवेची चौकशी: पैसे देण्याआधी एक फोन

सगळ्या तुलनेत हे काम सर्वांत सोपं आहे आणि तेच कोणी करत नाही. दोन-तीन ब्रँड मनात ठरले की प्रत्येकाच्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन लावा, आपला पिनकोड सांगा आणि विचारा:

- माझ्या पत्त्यावर टेक्निशियन घरी येतो का, की टीव्ही मला न्यावा लागेल? जवळचं सर्व्हिस सेंटर कुठे आहे?
- ते सेंटर कंपनीचं आहे की दहा ब्रँडांचं काम घेणाऱ्या स्थानिक एजन्सीचं?
- वॉरंटी एकूण किती, पॅनेलवर किती, आणि जादा वर्षासाठी नोंदणी करावी लागते का?
- वॉरंटीनंतर या मॉडेलचं पॅनेल बदलायला अंदाजे किती खर्च येतो?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर सहसा पटकन मिळत नाही, तरी विचाराच. पॅनेल गेलं तर नवं घालण्याचा खर्च टीव्हीच्या किमतीच्या निम्म्यावर सहज जातो. म्हणून ‘एक वर्ष अधिक पॅनेलवर एक वर्ष’ आणि ‘संपूर्ण टीव्हीवर तीन वर्षं’ या दोन वॉरंट्यांत फार मोठा फरक आहे. दोन टीव्ही बाकी सारखे असतील तर मोठ्या वॉरंटीचा घ्या. एवढ्या एका कारणावरून निर्णय करायला हरकत नाही.

फोन उचललाच गेला नाही, किंवा ‘तुमच्या पिनकोडला सेवा उपलब्ध नाही’ असं ऐकू आलं, तर तो ब्रँड यादीतून काढून टाका. टीव्ही पुण्यात राहणारा मुलगा घेतोय पण लागणार गडहिंग्लज किंवा राजापूरजवळच्या गावी, आईवडिलांकडे, असं पुष्कळदा होतं. तेव्हा पिनकोड पुण्याचा नव्हे, गावचा सांगा.

दुकानदार ‘आमची दोन वर्षांची जादा वॉरंटी’ देऊ करतो, ती कंपनीची नसून दुकानाची किंवा त्रयस्थ कंपनीची असते. तिचे कागद वेगळे मागा. त्यात पॅनेल धरलंय का आणि भरपाई घसारा कापून मिळते का, हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

दुकानात टीव्ही कसा बघायचा

शोरूममध्ये टीव्ही मुद्दाम भडक केलेला असतो. समुद्र, फुलपाखरं आणि फळांच्या राशी अशी खास चित्रित केलेली फोर-के फिल्म त्यावर फिरत असते. त्या फिल्मवर कुठलाही टीव्ही देखणा दिसतो. तिच्यावरून काहीही ठरवू नका.

विक्रेत्याला चित्राची सेटिंग ‘व्हिव्हिड’वरून ‘स्टँडर्ड’ किंवा ‘सिनेमा’वर आणायला सांगा. मग सेट टॉप बॉक्स जोडून साधी बातम्यांची वाहिनी लावायला लावा. शेजारी दुसऱ्या ब्रँडचा तेवढ्याच किमतीचा टीव्ही असेल तर त्यावरही तीच लावा. माणसांच्या चेहऱ्याचा रंग आणि खालची धावती पट्टी, एवढ्या दोन गोष्टी बघितल्या तरी प्रोसेसरचा दर्जा कळतो.

नंतर पेन ड्राइव्हवर नेलेला एखादा रात्रीचा, अंधाराचा प्रसंग लावा. काळा रंग काळा दिसतो की राखाडी, आणि कडांना उजेडाचे डाग दिसतात का, ते तपासा. मग बाजूला सरका. आपल्याकडे दोघं सोफ्यावर, एक खुर्चीत आणि मुलं खाली सतरंजीवर, असं घर टीव्ही बघतं. व्हीए पॅनेलवर काळा रंग छान खुलतो, पण बाजूनं बघणाऱ्याला रंग फिके दिसतात. आयपीएस पॅनेलवर बाजूनं चित्र नीट दिसतं, काळा मात्र तितका गडद नसतो. तुमच्या घरातली बसायची रीत आठवा आणि त्या कोनातून दोन मिनिटं बघा.

आवाजही ऐका. अलीकडच्या पातळ टीव्हींत स्पीकर खालच्या बाजूला असतात आणि संवाद दबतात. आजी-आजोबांना बातम्या नीट ऐकू येणं महत्त्वाचं असेल, तर पडद्यावरचे पैसे थोडे कमी करून साउंडबारसाठी ठेवा.

रिमोट आजी-आजोबांच्या हातात द्या. आकड्यांची बटणं नसलेला छोटा रिमोट तरुणांना आवडतो, ज्येष्ठांना त्याचा जाच होतो.

खोक्यावरच्या शब्दांचा अर्थ

क्यूएलईडी: पडदा एलसीडीचाच, रंग सुधारणारा एक थर जादा. रंग खुलतात, पण काळा रंग त्यामुळे सुधारत नाही.

मिनी एलईडी: मागचे दिवे बारीक आणि गटागटानं कमी-जास्त होणारे. चित्राचा दर्जा खरोखर वाढवणारी गोष्ट. मध्यम बजेटमध्ये मिळत असेल तर साध्या क्यूएलईडीऐवजी हे घ्या.

ओएलईडी: प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि विझतो, त्यामुळे सिनेमासाठी सर्वोत्तम. मात्र दिवसभर एकच बातम्यांची वाहिनी चालू राहणाऱ्या घरात घेऊ नका. वाहिनीचं बोधचिन्ह एकाच जागी तासन् तास राहून पडद्यावर त्याचा कायमचा ठसा उमटण्याचा धोका असतो.

रिफ्रेश रेट: खरा आकडा ६० किंवा १२० हर्ट्झ असा असतो. ‘मोशन रेट २४०’ वगैरे आकडे जाहिरातीचे. क्रिकेट आणि व्हिडिओ गेम यांसाठी १२० उपयोगी, मालिकांसाठी ६० पुरे.

एचडीआर: चित्रातल्या उजेड-अंधाराचा पल्ला वाढवणारं तंत्र. ही अक्षरं आता सगळ्याच खोक्यांवर असतात. पडद्याचा उजेड ३०० निट्सच्या आसपास असेल तर ते नावापुरतंच समजा. डॉल्बी व्हिजन हा एचडीआरचाच एक प्रकार आहे. सोनी आणि एलजीच्या बऱ्याच मॉडेलांत तो असतो, सॅमसंग तो देत नाही आणि एचडीआर१०प्लस देतं. एवढ्यावरून ब्रँड नाकारण्याइतकी ही गोष्ट मोठी नाही.

स्मार्ट: इथे सर्वांत जास्त फसगत होते. अगदी स्वस्त टीव्हीत गुगलची मान्यता नसलेलं, मोबाइलसाठीचं अँड्रॉइड टाकलेलं असतं. त्यावर नेटफ्लिक्ससारखी अ‍ॅप एकतर चालत नाहीत किंवा मोबाइलसारखी चालतात. गुगल टीव्ही, सॅमसंगचं टायझेन, एलजीचं वेबओएस किंवा फायर टीव्ही यांपैकी काय आहे ते विचारा. तुम्ही पाहता ती अ‍ॅप दुकानातच उघडून दाखवायला सांगा. मेमरी दोन जीबीपेक्षा कमी नको. एक जीबीचा टीव्ही काही दिवसांतच अडखळायला लागतो.

एचडीएमआयच्या किमान तीन जागा असाव्यात, त्यातली एक एआरसीची, म्हणजे साउंडबार लावता येईल. खोक्यावर बीआयएसची नोंदणी खूण आणि बीईईचं तारांकित लेबल आहे ना ते बघा. लेबलवर वर्षाला किती युनिट वीज लागते तेही लिहिलेलं असतं. शंभर वॉटचा टीव्ही रोज पाच तास चालला तर महिन्याला १५ युनिट होतात. सारख्या मापाच्या दोन टीव्हींत यात फरक दिसला, तर तो बिलात दर महिन्याला दिसेल.

किंमत, सवलत आणि हप्ते

‘५५ टक्के सूट’ या शब्दांना काही अर्थ नाही. छापील कमाल किंमत फुगवून लावलेली असते आणि त्या किमतीला कोणीच टीव्ही विकत नाही. एकाच मॉडेलचा पूर्ण क्रमांक घेऊन दोन दुकानांत आणि दोन ऑनलाइन ठिकाणी आजचा भाव बघा, तोच खरा भाव. क्रमांकातलं शेवटचं एखादं अक्षर वेगळं असलं तरी मॉडेल वेगळं असतं. खोक्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं. दोन वर्षं गोदामात पडलेला माल सणाच्या सवलतीत निघतो. तो घेऊ नये असं नाही, पण मग भावही तसाच हवा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. आता सगळ्याच मापांना १८ टक्के लागतात. बिलावर हाच दर लावलाय ना ते तपासा.

‘नो कॉस्ट’ हप्त्यांत व्याज नसतं, असं समजू नका. ते कुठल्या तरी रूपात किमतीत असतंच, आणि शून्य टक्के व्याज अशी काही चीज नसते हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. रोखीनं घेतल्यास किती, असं विचारा. तो भाव आणि हप्त्यांची बेरीज, त्यात प्रक्रिया शुल्क मिळवून, समोरासमोर मांडा. फरक पटला तर हप्ते घ्या.

बिल पक्कंच घ्या. ‘बिलाशिवाय दोन हजार कमी’ हा सौदा करू नका, कारण वॉरंटी बिलाच्या तारखेवर चालते. बिलावर मॉडेल क्रमांक आणि अनुक्रमांक दोन्ही लिहून घ्या.

टीव्ही घरी आल्यावर

खोकं स्वतः फोडू नका. कंपनीचा माणूस येईपर्यंत ते उभंच ठेवा, आडवं टाकू नका. पोचवणारा समोर उघडून दाखवत असेल तर ती सोय घ्या. उघडताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोबाइलवर चित्रण करा, त्यात खोक्यावरचा अनुक्रमांक दिसू द्या. पडद्याला तडा निघाला तर तो आधीचा की तुमच्या घरचा, हा वाद या चित्रणानंच मिटतो. टीव्ही सुरू झाल्यावर संपूर्ण पांढरं आणि संपूर्ण काळं चित्र लावून डाग आणि मेलेले ठिपके बघा. काही खटकलं तर त्याच दिवशी तक्रार नोंदवा.

भिंतीवर लावण्याचा ब्रॅकेट खोक्यात असतो का आणि लावण्याचे पैसे वेगळे पडतात का, हे दुकानातच ठरवून घ्या. नव्या इमारतींत भिंती हलक्या ब्लॉकच्या असतात, त्यांना वेगळे फास्टनर लागतात. भिंत कशाची आहे ते टेक्निशियनला आधी सांगा.

वीज पडणं, व्होल्टेज चढणं, पाणी शिरणं, पाली-झुरळांनी केलेलं नुकसान आणि बाहेरच्या माणसानं उघडलेला टीव्ही या गोष्टी सहसा वॉरंटीत बसत नाहीत. वळवाच्या पावसात गडगडायला लागलं की टीव्हीचा प्लग आणि डीटीएचच्या छत्रीकडून येणारी वायर, दोन्ही काढून ठेवा. नुसता प्लग काढून भागत नाही, कारण वीज त्या वायरीतूनही येते. कोकणात दमट भिंतीला टीव्ही अगदी चिकटवून लावू नका, मागे हवा खेळू द्या. विजेचा दाब सतत खालीवर होणाऱ्या गावात टीव्हीसाठीचा स्टॅबिलायझर घेतलेला बरा.

जुना टीव्ही भंगारवाल्याला देऊ नका. जुन्या काचेच्या ट्यूबमध्ये शिसं असतं. २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी अशा मालाची नीट विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. कंपनीच्या ई-कचरा संकलनाची चौकशी करा, किंवा दुकानात बदलीत द्या.

बिघडला आणि कोणी दाद देईना, तर

पावतीवर ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलेलं असलं तरी सदोष वस्तूच्या बाबतीत ते चालत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार पावतीत दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर तीस दिवसांत, सदोष वस्तू परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. ‘आवडला नाही’ या कारणासाठी मात्र हा हक्क नाही.

दाद मागताना पुढच्या क्रमानं जा:

१. कंपनीकडे तक्रार करा आणि तक्रार क्रमांक घ्या. टेक्निशियन येऊन गेला की त्यानं काय सांगितलं ते लेखी मागा.
२. आठवडाभरात काम झालं नाही तर ईमेल करा. बिल, फोटो आणि आधीचे तक्रार क्रमांक जोडा. फोनवरचं बोलणं पुरावा म्हणून हाती राहत नाही.
३. ऑनलाइन घेतला असेल तर त्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. त्यानं ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण देणं बंधनकारक आहे.
४. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. मराठीतही बोलता येतं. बरीच प्रकरणं इथेच मिटतात.
५. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संघटनेचा सल्ला घ्या.
६. शेवटी जिल्हा ग्राहक आयोग.

आयोगाचं नाव ऐकून बिचकू नका. वकील लावलाच पाहिजे असं नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क नाही. कंपनी नोएडाची असो की बंगळुरूची, तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ई-जागृती पोर्टलवरून ती घरबसल्या दाखल होते आणि सुनावणी व्हिडिओ कॉन्फरन्सनं मागता येते. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, म्हणून कंपनीच्या ‘बघतो, करतो’वर ती संपू देऊ नका.